वेणूचा रिकामा हात

आश्विनातली हळदी संध्याकाळ. भाताच्या लोंब्यांवर ऊन कलते, आणि दुर्गाकाकूंच्या अंगणात, पाटावर रेखलेल्या हत्तीभोवती भोंडल्याचा फेर फिरू लागतो. कंकणांची किणकिण, परकरांची सळसळ. हातात हात, हातात हात.

एकच हात रिकामा. वेणूचा.

बोटावर एक चामखीळ होती, भुरकट, खडबडीत. कुणी सांगितले म्हणून वेणूने घोड्याच्या शेपटीचा केस तिच्यावर आवळून बांधला, ओढला. रक्त आले. आता शेजारच्या बोटावरही दोन नव्या उगवल्या.

"तुझा हात नको गं बाई, आम्हाला चिकटेल!" कालपर्यंतची जिवलग शालन म्हणाली. वेणूला वगळून फेर जुळला.

ओट्यावर डोळे पुसणाऱ्या वेणूजवळ काकू बसल्या. आयुष्यभर मुलांना शिकवून मुरलेला तो मऊ, सावकाश आवाज.

"बोटात कोण राहायला आलंय, सांगू?"

काकू सांगू लागल्या. एक सूक्ष्मातिसूक्ष्म विषाणू. त्याला घर नाही, चूल नाही. आहे फक्त जनुकांचे एक चिमुकले कडे, या फेरासारखेच गोल. ओरखड्याच्या फटीतून तो कातडीच्या तळाशी उतरतो, जिथे नव्या पेशी जन्मतात. पेशीच्या गाभ्यात ते कडे ठेवतो, मोजक्या प्रती काढतो आणि गप्प राहतो. पेशी दुभंगते, तशी कडीही वाटली जातात. लेकी-पेशी वर सरकतात, थकतात, विसावू पाहतात; तो विसावू देत नाही. त्यांच्याच हातांनी कड्यांमागून कडी घडवून घेतो. उजेडाजवळच्या शेवटच्या थरात प्रत्येक कड्यावर कवच चढते. मग सुकलेल्या कणांसोबत तो गळतो, आणि परक्या कातडीची वाट पाहतो.

वेणूने बोट डोळ्यांजवळ धरले. "म्हणजे त्यालाही कुणाचा तरी हात हवाय?"

काकू हसल्या.

"हवाय गं. पण आपण त्याचं दार लावू. आणि तो घोड्याचा केस पुरे झाला हं! तुझं शरीर त्याला ओळखेल, उशिरा का होईना. मग चामखीळ आपली आपण विरेल."

तिन्ही चामखिळींवर पट्टी बसली. गुडघ्यांवर हात टेकत काकू उठल्या, वेणूचा तोच हात धरून फेरात शिरल्या. वेणूचा दुसरा हात शालनपुढे उघडा राहिला. गाणे अडखळले. ओट्यावरची गोष्ट फेरातून शालननेही ऐकली होती.

"फार आवळू नकोस हं," ती पुटपुटली, आणि तिने हात धरला.

सांज उतरली. हत्तीभोवती फेर जुळला, फिरला, फिरत राहिला. आणि पट्टीखालच्या अंधारात ते चिमुकले कडे वाट पाहत राहिले. हाताची, कुणाच्याही हाताची.