बुटांच्या खोक्यातली व्लास्त

पत्त्याच्या पानापेक्षा जरासा मोठा, असा मी एक जाड कागद बोलतोय. माझ्यावर एकच शब्द आहे: व्लास्त. माझा जन्म जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराख गावी, हावलिकबाईंच्या जेवणाच्या टेबलावर झाला. गाव बुटांच्या कंपन्यांचं, त्यामुळे खोक्यांना तोटा नाही. तसल्या नऊ खोक्यांत आम्ही तीन हजार भावंडं राहायचो.

बाईंनी चाळीसेक वर्षं स्लाव भाषांतले शब्द गोळा केले. माझ्यावर बारीक अक्षरात लिहिलं: मूळ अर्थ ताबा, हुकमत. रशियनमध्ये सत्ता, सर्बियनमध्ये सरकार, चेकमध्ये मायदेश. सरकारी कचेरीला जर्मन लोक फेरव्हाल्टुंग म्हणतात, तीसुद्धा लांबून माझ्याच भावकीतली.

२००७ साली बाईंची नजर गेली. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, पुण्याचे हरीश आणि कौमुदी, मदतीला आले. त्यांचा जर्मन नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा फेरव्हाल्टुंगमध्ये अडकला होता. हरीश सॉफ्टवेअरवाला. तो आम्हाला कॉम्प्युटरवर चढवायचा आणि कौमुदी दर रविवारी छापील पानं बाईंना वाचून दाखवायची. हरीशला नीटनेटकेपणाची भारी हौस. एका शब्दाला त्यानं अर्थाचा एकच रकाना ठेवला.

एका रविवारी कौमुदीनं वाचलं, "व्लास्त: सरकार."

"आणि?" बाईंनी विचारलं.

"एवढंच आहे."

"अडुसष्ट साली आमच्या प्रागमध्ये रशियाचे रणगाडे आले. त्यांची व्लास्त आली आणि माझी गेली. माझी लिहिलीच नाहीत, तर मी काय सोडून आले, हे कुणाला कळणार?" बाई म्हणाल्या.

हरीशचा चेहरा उतरला. "आल्झो, म्हणजे असं की, फ्राऊ हावलिक, मला वाटलं, सरकार आणि देश एकच. रकाना वाढवतो."

पण आधीच्या दोन हजार कागदांवरचं काय काय गाळलं, हे त्यालाही आठवेना. मग पठ्ठ्यानं पहिल्या खोक्यापासून पुन्हा सुरुवात केली. त्यात अख्खा हिवाळा गेला. काम पुरं झालं तेव्हा बाईंनी माझं पान दोनदा वाचून घेतलं. मला बरं वाटलं.

खोकी रद्दीत गेली. मला मात्र कौमुदीनं मागून घेतलं.

पुढे एकदाचं दोघांना जर्मन नागरिकत्व मिळालं. भारतीय पासपोर्ट वकिलातीला परत करायचा, म्हणून तिनं तो पाकिटात घातला.

"पासपोर्टचं रिकामं कव्हर टाकून देऊ?" हरीशनं विचारलं.

"राहू दे रे."

तिनं त्यात मला सरकवलं. तेव्हापासून मी इथेच आहे. कुणी बाहेर काढलंत, तर एवढंच करा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ती मायदेशाची ओळ चेक आहे, पण कौमुदीला तोंडपाठ झाली आहे.