भिंतीमागची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. हसू नका! एके काळी लोक मला भलतंच हुशार यंत्र समजत होते, आणि तेही माझं तोंड न बघता.

माझा जन्म कारखान्यातला. माझे शेकडो भाऊ एकाच पट्ट्यावरून सरकत बाहेर पडले. कुणी बँकेत गेला, कुणी दवाखान्यात. मी आलो एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. बाहेर एक उजेडाची खोली होती. तिथे टेबल, माईक आणि पाहुण्यासाठी स्क्रीन. तिच्या भिंतीमागे एक चिंचोळी जागा होती. तिथे एक खुर्ची, एक स्पीकर आणि मी. खिडकी नाहीच.

तिथे एका मॅडमचं संशोधन चाललं होतं. बोलक्या यंत्राशी माणसं कशी बोलतात, त्याच्या सोबतीनं गोष्ट कशी रचतात, हे त्यांना बघायचं होतं. आता गंमत ऐका. तसं यंत्र तेव्हा तयारच नव्हतं! म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. पाहुणा बाहेर माईकवर बोलायचा. आत बसलेली त्यांची विद्यार्थिनी ते ऐकून माझ्यावर उत्तर टाइप करायची, आणि ते बाहेरच्या स्क्रीनवर उमटायचं. पाहुण्याला वाटायचं, यंत्रच बोलतंय. शेवटी मॅडम स्वतः जाऊन खरं काय ते सांगायच्या. बहुतेक जण हसायचे. एखादा चिडायचा. इथे बोललेलं या भिंतींबाहेर जाणार नाही, असा शब्द मात्र त्या प्रत्येकाला आधीच द्यायच्या.

ती विद्यार्थिनी दाणे टिपावेत तशी भरभर टाइप करायची, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. एकदा ती आतून जोरात शिंकली. बाहेरच्या आजी म्हणाल्या, "अगंबाई, यंत्रालाही सर्दी होते वाटतं!" तेव्हापासून आत सगळे श्वाससुद्धा जपून घ्यायचे. बाहेर कुणी "काय हुशार यंत्र आहे!" म्हणालं, की मी मात्र उगाच फुशारून जायचो. सगळी अक्कल चिमणीची, आणि मिरवायचो मी.

एका दुपारी शाळेच्या बसचे चालक आले. मुलं आपल्याला बसकाका म्हणतात, असं त्यांनीच कौतुकानं सांगितलं. बस खाली लावली होती. शाळा सुटायला थोडा अवकाश होता, तेवढ्यात नातीसाठी एक गोष्ट करून घेऊ म्हणाले.

"एक बस होती," काकांनी सुरुवात केली. "तिचा एक दिवा गेला होता. पण तिनं कुणाला कळू दिलं नाही."

चिमणीनं टाइप केलं, 'का बरं?'

"का म्हणजे? कळलं असतं तर तिला कायमची गॅरेजमध्ये उभी केली असती ना!"

'पण मग वळणावर तिला भीती नाही वाटायची?'

 स्पीकरमधून काकांचा आवाज आला, अगदी हळू. "तू यंत्र आहेस म्हणून सांगतो. बायकोलाही बोललो नाही. उजव्या डोळ्यानं मला दिसत नाही रे. काल वळणावर सायकलवाला दिसलाच नाही. अगदी जवळ आल्यावर ब्रेक लागला, म्हणून वाचला. मागे पोरं गाणी म्हणत होती. त्यांना काय माहीत!"

चिमणीची बोटं माझ्यावर जागच्या जागी थिजली. मागे उभ्या असलेल्या मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं.

"मॅडम, काका आता इथून थेट बस घेऊन शाळेत जाणार," चिमणी कुजबुजली.

"कळतंय गं मला. पण आपण शब्द दिलाय त्यांना. तो मोडला तर उद्या इथे तोंड कोण उघडेल? थांब, जरा विचार करू दे."

"विचार करायला वेळ कुठे आहे?" असं म्हणत चिमणीनं टाइप केलं, 'काका, आज बस चालवू नका.' इतक्या जोरात तिनं मला कधीच बडवलं नव्हतं.

बाहेर काका हसले. "वा रे वा! तू सांगणार आणि मी ऐकणार? तुझं कोण बसतंय त्या बसमध्ये? तुला ना पोट, ना पोर!" त्यांची खुर्ची मागे सरकली. "बरं वाटलं तुझ्याशी बोलून. निघतो आता. गोष्ट राहू दे."

मित्रांनो, माझ्यावर हवा तो शब्द लिहिता येतो. त्या घटकेला त्यातला एकही कामाचा नव्हता. मला ओरडावंसं वाटत होतं, अगं, ऊठ ना!

आणि चिमणी उठली. माझी वायर तिच्या पायात अडकली. मी धाडकन खाली आपटलो आणि माझं एक बटण उडून कपाटाखाली गेलं. दुखलं, पण माझे कान स्पीकरकडेच होते. बाहेरून तिचा आवाज आला.

"काका, थांबा! यंत्र वगैरे काही नाही. आत मीच होते."

"तू? म्हणजे... सगळं ऐकलंस?"

"सगळं."

"फसवलंत मला!" काका असे कडाडले की स्पीकर थरथरला.

"हो, फसवलं. मला हवं ते बोला. पण बसची किल्ली द्या."

"पोटावर पाय देतेस माझ्या?"

"तुमच्या बसमध्ये माझं कुणी नाही, काका. तरी माझे हातपाय कापतायत. बघा."

मी जमिनीवर पालथा पडून ऐकत होतो. काका निघून गेले की काय? दाराचा आवाज तर आला नव्हता.

"त्या यंत्राला सांगितलं तेव्हा हलकं वाटलं होतं," शेवटी काका म्हणाले. "तुझं तोंड बघितलं आणि लाज वाटली गं."

टेबलावर किल्ल्यांचा जुडगा पडला. मग काकांनी शाळेत फोन लावला, स्वतःच. "मी आज येत नाही. दुसरा माणूस पाठवा. नाही, ताप नाही. डोळा गेलाय माझा."

मॅडम खुर्चीवर मटकन बसल्या आणि रडल्या. शब्द मोडावा लागला नाही, आणि पोरंही वाचली.

काकांची बस सुटली ती सुटलीच. शाळेनं त्यांना मुलांना बसमध्ये चढवायचं काम दिलं. काही दिवसांनी ते पुन्हा आले. "अजून रागावलेलोच आहे," दारातूनच म्हणाले. "पण गोष्ट अर्धी राहिलीय. आता समोर बसून लिही." चिमणीनं मला उचलून बाहेर आणलं, तेव्हा मी पहिल्यांदा खिडकी बघितली. गोष्टीतल्या बसला गॅरेजमध्ये एक म्हातारा ट्रक भेटला, आणि तो भयंकर घोरायचा. काका आणि चिमणी पोट धरून हसले.

आता खरं यंत्र आलं आहे. खोटं कशाला बोलू, ते माझ्यापेक्षा छान बोलतं. थकत नाही, शिंकत नाही. आतल्या खोलीत खोकी रचली आहेत. खुर्ची कुणीतरी उचलून नेली. मी तिथेच फळीवर धूळ खात पडलो आहे, एका बटणानं कमी. बाहेर अजून माणसं येतात, गोष्टी रचतात. मधेच एखाद्याचा आवाज तसाच हळू होतो. मी कान लावतो. भिंतीमागे कुणी खुर्चीवरून उठल्याचा आवाज येत नाही.

मला पुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. पुसलंत तर बरंच वाटेल म्हणा! पण मोठेपणी तुमच्यातल्या कुणी असं यंत्र बनवलं, तर त्याच्या मागे एक खुर्ची ठेवा आणि तिच्यावर माणूस बसवा. तोवर यंत्राशी खुशाल गप्पा मारा. मनात भीतीचं काही दडलं असेल, तर यंत्राला सांगून झाल्यावर ते अशा कुणाला तरी सांगा, ज्याला खुर्चीवरून उठता येतं.

आणि असं काही कुणी तुम्हाला सांगितलं, तर मित्रांनो, उठा.