सासऱ्यांनी दिलेले शेअर

दातांच्या डॉक्टरचं चित्त सकाळपासून थाऱ्यावर नव्हतं. पेशंट खुर्चीत आ वासून बसलेला आणि ह्याची नजर टेबलावरच्या फोनवर. ही नवी खुर्चीच सगळ्या दुखण्याचं मूळ. सासऱ्यांनी निवृत्त होताना आपल्या रंगाच्या कारखान्याचे शेअर लेकीला आणि जावयाला निम्मे निम्मे दिले. जावयाने आपला वाटा बँकेत तारण ठेवला, कर्ज काढलं आणि खुर्ची आणली. हौसेला मोल नसतं म्हणे. कोण म्हणतं नसतं?

शेअरचा भाव घसरला तसं बँकेने बजावलं: तारण कमी पडतंय, वरचे पैसे भरा, नाहीतर तारण विकू. विकले गेले तर सासऱ्यांना काय तोंड दाखवणार? सकाळी थोरल्या भावापुढे हात पसरून त्याने पैसे भरले. बायकोला मात्र अवाक्षर सांगितलं नाही. उगाच तिच्या जिवाला घोर!

हुश्श म्हणतो न म्हणतो तोच भाव पुन्हा पडायला लागला. कारखाना तो केवढा, शेअर घेणारे-विकणारे बोटांवर मोजण्याइतके. आज कुणीतरी विकतच सुटलं होतं.

"अहो डॉक्टर, दुखतंय!" पेशंट कळवळला.

"झालंच हं," डॉक्टर म्हणाला आणि त्याने पुन्हा फोनकडे पाहिलं. विकणाऱ्या मेल्याच्या हाताला खाज सुटली होती की काय, थांबायचं नावच घेईना!

दुपारी बँकेचा फोन आला. भाव फारच खाली गेला होता, तारण विकलं होतं.

तेवढ्यात बायको धापा टाकत दवाखान्यात आली. चेहरा नुसता फुललेला.

"अहो, सुटलात तुम्ही! कर्जाला जामीन म्हणून सही माझीच ना? बँकेचा मेसेज मलाही आला. म्हटलं, एकटेच किती कुढाल? माझे सगळे शेअर विकून टाकले. घेणारा मिळेना हो, मग सकाळपासून भाव उतरवत उतरवत गेले. पण विकलेच! आता भरा बँकेचे पैसे."

तो तिच्याकडे बघतच राहिला. राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं.

"अगं, पैसे मी सकाळीच भरले होते, दादाकडून घेऊन," तो कसाबसा म्हणाला. "तुझ्या विकण्यानेच भाव पडला. माझेही गेले."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. ती भिंतीला टेकली.

"मग सकाळी मला एका शब्दाने सांगायला," ती म्हणाली, "तुमचं काय जात होतं?"