माहेराचं माहेर

जालिंदरमामांनी काचेच्या नळीवरची चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि नळी बर्फाच्या पेटीत परत ठेवली.

"गाव ठीक हाय, वय ठीक हाय," ते म्हणाले. "पर जातीच्या म्होरं हे काय छापलंय, प्रज्ञे?"

काय छापलंय ते प्रज्ञाला माहीत होतं. चिठ्ठ्या पुण्याच्या प्रयोगशाळेतून छापूनच आल्या होत्या आणि त्यावर तिच्या आजोळच्या माणसांचं जुनं नाव होतं.

"ते नाव आमी छप्पन साली टाकलं," मामा म्हणाले. "रगात पायजे तेवढं घे. त्या नावानं एक थेंब न्हाई मिळायचा."

कर्जत तालुक्यातल्या या वस्तीच्या विहारासमोर, लिंबाच्या सावलीत, सतरंजीवर बायका दंड उघडे करून बसल्या होत्या. मामांचं बोलणं ऐकून त्यांनी पदर पुन्हा खाली ओढले. प्रज्ञा नुकतीच एम.एस्सी. होऊन या कामाला लागली होती. महाराष्ट्रातली माणसं कुठून कुठे पांगली ते रक्तातल्या डीएनएवरून शोधायचं, असं ते काम. आजोळच्या लोकांचा माझ्यावर विश्वास आहे, तिथले नमुने मी आणते, असं तिनेच प्रयोगशाळेतल्या मॅडमना सांगितलं होतं. आता पेटी रिकामी न्यायची, नाहीतर मामांचा शब्द मोडून भरलेली न्यायची. बर्फ टिकेतो जीप निघायला हवी होती.

रक्त काढायला आलेला संदीप तिच्या कानाशी आला. "कोऱ्या चिठ्ठ्या लाव की. पुण्यात गेल्यावर लिहू. इथे कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," प्रज्ञा म्हणाली.

सगळ्यांत पुढे चांगुणाबाई बसल्या होत्या. प्रज्ञाची आजी राहीबाई या त्यांच्या धाकट्या बहीण. आजी जाऊन वर्षं झाली होती, म्हणून आजीचे लाड प्रज्ञा यांच्याकडूनच करून घ्यायची.

"पर आमच्या रगतात हाय तरी काय, बाई?" चांगुणाबाईंनी विचारलं.

प्रज्ञा उठली. तिने चौघींना उठवून दोन ओळींत समोरासमोर उभं केलं. "रक्तात एक शिडी असते, पिळलेली. इतकी बारीक की डोळ्याला दिसत नाही. तिच्यात चारच जणी. ह्या ओळीत सासू आणि नणंद, समोर सून आणि भावजय. नियम एकच. सासूचा हात सुनेनेच धरायचा, नणंदेचा भावजयीनेच. बाकी कुणी कुणाचा नाही."

"सासूचा हात सून आपनहून धरती व्हय?" पुष्पावती ओरडली. "तुजं शास्तर हितंच बुडालं!"

हसण्याचा गलका झाला. प्रज्ञाही हसली, पण तिने धागा सोडला नाही. "आता हात सोडा. दोन ओळी लांब व्हा. बसलेल्यांतल्या चौघी या. एकट्या सासूसमोर कोण उभी राहणार?"

"सून!"

"नणंदेसमोर?"

"भावजय!"

"आणि सून एकटी राहिली, तिच्यासमोर नवी सासू. बघा, एका शिडीच्या दोन शिड्या झाल्या, हुबेहूब. शरीरात रोज हेच चालतं. माणसाच्या सगळ्या शिड्या ओळीने वाचायला जगभरातले शास्त्रज्ञ बसलेत. आम्ही त्यातली एकच छोटी वाचतो, जी फक्त आईकडून येते. बापाचा त्यात वाटा नाही. कधीतरी, क्वचित, एखादीने भलतीचाच हात धरलेला असतो. ती चूक मग लेकीकडे, नातीकडे तशीच जाते. दोन गावांत तीच चूक सापडली, तर त्या दोघींची मागे कुठेतरी आई एकच होती असा अंदाज बांधता येतो."

चांगुणाबाईंनी मान डोलावली. "म्हंजी माज्यात माजी आई हाय, आन् तिच्यात तिची आई."

"अगदी. तुमचं माहेर कुठलं?"

"मिरजगाव."

"आईचं?"

"कडा, आष्टीकडचं. राही न् मी एकाच मांडवात हितं आलो की."

प्रज्ञाचा हात पेटीच्या झाकणावरच थांबला. पुण्याहून सांगितलं होतं, घरटी एक बाई घ्या, म्हणजे रक्ताची नाती येणार नाहीत. चांगुणाबाईंचं घर वेगळं आणि राहीबाईंचं वेगळं, पण दोन्ही घरांत शिडी एकच शिरली होती.

ती खाली बसली आणि एकेकीला माहेर विचारत सुटली. तीन घरांतल्या बायका सख्ख्या मावसबहिणी निघाल्या. उलट छबूबाई आणि तिची सून म्हणजे आत्या-भाची, एकाच माहेरच्या, पण भाचीची आई पारनेरकडची. एकाच घरात दोन वेगळ्या शिड्या. नुसतं माहेर विचारून भागणार नव्हतं. माहेराचं माहेर विचारायला हवं होतं.

"मामा, रक्त अजून घेत नाही," ती उठत म्हणाली. "फाट्यावरून फोन करून येते."

फाट्यावरच्या एसटीडी बूथमध्ये लाल आकडे पळत होते. मॅडमचा आवाज नेहमीसारखाच घाईचा. "प्रज्ञा, जात लिहिली नाही तर मी तुलना कशाशी करू?"

"मॅडम, आधी आपला नियम चुकलाय ते ऐका. घरटी एक घेऊनही आपण एकच शिडी दोनदा, तीनदा मोजतोय. बायका लग्न करून येतात, बहिणी बहिणींच्या शेजारी पडतात. या वस्तीत मी आत्ता पडताळून आले."

मॅडमची घाई ओसरली. "म्हणजे आधीच्या गावांतही."

"हो. तिथेही परत जावं लागेल. मी जाईन."

"मग चिठ्ठीवर काय लिहायचं म्हणतेस?"

"गाव, आईचं माहेर, आजीचं माहेर, आठवेल तिथपर्यंत. आणि समाज माणूस स्वतः सांगेल तो. इथे बौद्ध. जुनं नाव लिहिलं तर नमुने मिळणार नाहीत, आणि मीही ते लिहिणार नाही."

"बरीच ठाम झालीस."

"तुम्हीच म्हणता ना, आधी निरीक्षण, मग तक्ता."

मॅडम हसल्या. "लिही तसं. पण कारणांसकट टिपण सोमवारी माझ्या टेबलावर हवं."

"पोचेल."

ती परतली तेव्हा बायका चहा पीत होत्या. छापील चिठ्ठ्या तिने मामांसमोरच फाडल्या आणि नवी पहिली चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. मामांनी ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली. "चांगुणाबाई. बौद्ध. माहेर मिरजगाव, आईचं माहेर कडा." मान वर करून म्हणाले, "हां. आता कसं."

संदीपने चांगुणाबाईंच्या दंडाला पट्टा बांधला. नळी भरली, पेटीत गेली. लगेच मामा बाही वर सारून सतरंजीवर येऊन बसले. "आता माजं घे. मी अडवलं हुतं, मीच दिलं पायजे."

"मामा, तुमचं नको."

"का? राग आला व्हय?"

"राग कसला. तुमची आई चांगुणाआजीची बहीण. तुमच्यातली शिडी आजीचीच, आणि माझ्यातलीही. ती पेटीत गेली. तुमचं घेतलं तर परत तीच चूक."

"आगं पर मी पुरुषमाणूस! माजं येगळं कायच न्हाई?"

"ह्यात न्हाई," चांगुणाबाई कोपराशी कापूस दाबत म्हणाल्या. "सरक बाजूला, जालिंदर. तुज्या वाटचं मी दिलंय."

बायकांना हसू आवरेना. मामांनी बाही खाली ओढली. मग उठले, सतरंजीच्या पुढच्या टोकाला गेले आणि प्रज्ञाच्या आधीच त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"पुष्पावती, तुज्या आईचं माहेर कंचं गं? आन् तिच्या आईचं? नीट आठवून सांग, ही पोरगी चूक चालवून घ्यायची न्हाई."