उजवा गुडघा

साबणाच्या कोमट पाण्यात तो साचा तळाशी जाऊन बसला होता — बोराएवढा, पारदर्शक, बबडीच्या कानाच्या वळणांवर बेतलेला. आठ महिने तिच्या आईनं तो रोज धुतला होता, नळीतलं पाणी फुंकून काढलं होतं, आणि श्रवणयंत्राला परत जोडताना दर वेळी मनाशी म्हटलं होतं, आपलंच बरोबर आहे. आज तो वाटीसकट भिरकावून द्यावासा वाटत होता.

टेबलावर बबडीच्या ऑपरेशनला संमतीचा कागद. नवऱ्याची सही झालेली, तिची राहिलेली. "उद्या दहापर्यंत द्यायचाय," एवढंच म्हणून तो कामावर गेला. आवाजसुद्धा चढवला नाही... चढवायचा होता ना! वन्सं तर उठल्याबसल्या तेच — "वहिनी, यंत्रांनी भागत नाही तिचं. कानातलं इम्प्लांट बसवून टाका एकदाचं, वय निघून चाललंय." आणि ती पहिल्या तपासणीचा रिपोर्ट काढून त्यांच्यापुढे आपटायची. हे बघा, पोरगी आवाजाला वळते! थोडंफार ऐकू येतंय, तेही ऑपरेशनमध्ये गेलं तर? एवढ्याशा डोक्याला ड्रिल लावायला मी नाही देणार. वन्सं विषय बदलायच्या, आणि तिला — खोटं कशाला बोला — बरं वाटायचं.

काल तपासणी करायला नवीन मुलगी होती, नुकतीच शिकून आलेली. बबडीला मांडीवर घेऊन आई नेहमीसारखी त्या बंद खोलीत बसली, तर ही म्हणते, "ताई, तुम्ही हे हेडफोन लावा, गाणी ऐका. आवाज तुम्हाला कळायला नको."

मला? तपासणी माझी आहे का? पण लावले. कुणीतरी कानात गात राहिलं, आणि बबडी, दोन्ही यंत्रं लावलेली असूनही, बाहुलीचा पाय चावत बसली. एकदाही वळली नाही. कोपऱ्यातलं खेळण्यातलं माकड — आवाजाला वळलं की बक्षीस म्हणून टाळ्या वाजवणारं — काल गप्पच राहिलं.

"मागच्या वेळी कशी काय वळली?" मुलीनं विचारलं.

"काय माहीत."

तेव्हा खरंच माहीत नव्हतं. कळलं ते त्याच दुपारी, शर्टांच्या कारखान्यात, कॉलरींच्या ढिगापुढे. तिथल्या शिलाई मशीनवर कापड दाबून धरणारा पाय हातानं उचलत नाहीत, उजव्या गुडघ्यानं पट्टी ढकलून उचलतात. अकरा वर्षं, दिवसाला हजारदा. सुपरवायझरनं शिट्टी मारली, गुडघा आपसूक हलला, कॉलर निसटली... म्हणजे बबडी मांडीवर असताना, दर आवाजाला गुडघा असाच हलत होता — माझ्या गुडघ्याला वळत होती पोरगी! घरीही वळायचीच की, मांडीवर असली की. मांडी हलली की वळायचं, मग माकड टाळ्या वाजवतं. अडीच वर्षांच्या पोरीला जे कळलं ते आईला कळलं नाही. आणि पहिली तपासणी केलेल्या त्या चष्मेवाल्याला हेडफोन का नाही सुचले? नवरा का नाही कडाडून भांडला? आठ महिने! सही केली तरी ते परत येणार आहेत का, आणि ड्रिलची भीती तरी कुठे जाणार आहे?

तिनं साचा पुसला, यंत्राला जोडला, बबडीला मांडीवर घेऊन कानात बसवला. तेवढ्यात बेल वाजली; बबडीला सांभाळायला वन्सं या वेळी येतातच.

गुडघा हललाच. बबडी लगेच वळली — दाराकडे नाही, कोपऱ्याकडे, जिथे धुवायच्या कपड्यांची टोपली होती. हसून टोपलीकडे बघत राहिली. मग आईकडे बघितलं. माकड कुठाय?

बेल पुन्हा वाजली. या वेळी तिनं गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला, नखं रुतेपर्यंत. बबडी शांतपणे बाहुलीचा पाय चावू लागली.

"वहिनी, अहो, उघडा ना!"

थांबू देत त्यांना. तिला आत्ता कुणावर तरी तुटून पडायचं होतं, आणि खोलीत बबडीखेरीज ती एकटीच होती.