बिनसाखरेचं पाकीट

"शेवटच्यात साखर घालायची नाही. आणि त्याची कड काट्यानं दाबायची नाही, बोटानं मिटायची. ऐकतेस ना, धाकटे?"

ती ऐकत होती. तेव्हाही, आणि आत्ताही, सकाळी सहाला, कोपरापर्यंत पिठात हात बुडवून. फरक एवढाच, की तेव्हा सांगणारी सासू शेजारी स्टुलावर बसून सफरचंदं चिरत असायची आणि आत्ता स्टूल रिकामं होतं. घरात सून एकच, तरी सासूबाई तिला धाकटी म्हणायच्या. मग थोरली कोण, असं कुणी विचारलं, तर 'मी आहे की' म्हणून मोकळ्या व्हायच्या.

गुरुवारी सकाळी या घरात सफरचंदाची पाकिटं तळली जात. मैद्याची पातळ पोळी लाटायची, अर्ध्या भागावर साखर-दालचिनी लावलेल्या फळाच्या फोडी ठेवायच्या, उरलेला अर्धा भाग त्यावर दुमडायचा, काट्याच्या टोकांनी कड दाबायची आणि मंद आचेवर तळायचं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, तिनं ती खाल्ली होती. केली मात्र एकदाही नव्हती. कपड्यांच्या कारखान्यात तिची पाळी सातला सुरू व्हायची. लाटेपर्यंत ती घरात असे, तळायची वेळ येईतो बसमध्ये. तिच्या वाटची दोन पाकिटं संध्याकाळी मिळत, गार, कागदात गुंडाळलेली.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी सासूबाईंनी तिचं मनगट धरलं होतं. "गुरुवार मोडू नकोस," एवढंच म्हणाल्या. तिनं 'नाही मोडणार' म्हणून शब्द दिला. कशाला दिला, कुणासाठी दिला, हे विचारायला सवड मिळाली नाही. नंतरचे दोन गुरुवार माणसांच्या येण्याजाण्यात कुठे गेले ते कळलंच नाही. शब्द देऊन पंधरा दिवस होत नाहीत तोवर तो दोनदा मोडला होता. हे तिला दातात अडकलेल्या तुसासारखं सलत होतं. म्हणून आज तिनं रजा काढली होती, आदल्या संध्याकाळी बाजारातून चांगली लालबुंद फळं आणली होती आणि मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीत ठेवलं होतं.

पण सगळं बिनसत होतं. फळ पिळायचं नाही, ते पाणी सोडत नाही, असं सासूबाई ठासून सांगायच्या. इथे साखर लावून पाच मिनिटं झाली नाहीत तोच परातीत तळं साचलं. पहिलं पाकीट तेलात पडताच फुटलं. दुसऱ्यानं तेच केलं. तिसरं धीर धरून होतं, पण उलटताना त्याचंही तोंड उघडलं आणि साखरेचं पाणी तेलात तडतडत स्वयंपाकघरभर उडालं. तिनं आच कमी केली, मग वाढवली, मग बंदच करून टाकली. सांगितलेलं सगळं केलं होतं, आणि सांगितलेलं काहीच होत नव्हतं.

त्यात ते नववं पाकीट. सासूबाई धरून चार माणसांना दोन-दोन म्हणजे आठ. सासूबाई नेहमी नऊ करायच्या. बिनसाखरेचं, बोटानं मिटलेलं नववं पाकीट कुणाच्या ताटात जायचं?

नवरा चहाला आला तेव्हा तिनं त्याला विचारलं. तो टपालघरात पत्रांची छाटणी करायचा; कुठलं पाकीट कुठे जायचं हे सांगण्यात त्याची हयात चालली होती.

"ते होय," तो कपाकडे बघत म्हणाला. "ते बहुतेक माझं असायचं."

"बहुतेक?"

"मला गोड कमी लागतं ना."

तिनं त्याच्या कपाकडे पाहिलं. तिसरा चमचा साखर आत्ताच विरघळत होती. तो चमचा जरा जास्तच वेळ फिरवत राहिला आणि मग पेपर शोधायला बाहेर गेला.

तिनं नणंदेला फोन लावला. नणंद लग्नानंतर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, पण आईच्या स्वयंपाकाचा विषय निघाला की जणू ओट्यापाशीच उभी असल्यासारखी बोलायची. नववं पाकीट? ते अप्पांचं, तिनं ठणकावून सांगितलं. अप्पांना साखर चालत नव्हती.

"अप्पांना जाऊन सहा वर्षं झाली, ताई. आई तर मागच्या महिन्यापर्यंत करत होत्या."

 हाताला सवय लागते गं, असं काहीसं पुटपुटून नणंदेनं बोलणं फळांवर वळवलं. लाल फळं आणलीस म्हणजे झालंच, म्हणाली. लाल फळाचं पाकीट म्हणजे पावसात विसरलेली वही. आईची फळं हिरवट, खडबडीत, चावली तर कानशिलं आंबतील अशी असायची.

"कुठून आणायच्या?"

तेवढ्यात नणंदेचं दूध उतू गेलं. निदान ती तसं म्हणाली.

धाकटी फोन हातात घेऊन उभी राहिली. अकरा वर्षांत आपण या घरासाठी कांदे आणले, तेल आणलं, सुईदोरा आणला. सफरचंदं कधीच आणली नाहीत, हे तिला आज कळत होतं. ती टोपलीत असायचीच. बुधवारी रात्री टोपली भरलेली दिसायची आणि कुणी भरली हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं. नळाला पाणी कुठून येतं हे आपण विचारतो का?

सहा वर्षांची चिमी जागी होऊन दारात आली. फुटलेल्या पाकिटांकडे तिनं मोठ्या माणसासारखं मान हलवत पाहिलं.

"आजीची फळं नाहीत ही," ती म्हणाली.

"मग आजीची कुठं असतात?"

"फाटकाला येतात."

"फाटकाला फळं येतात होय गं?"

"आजीनंच सांगितलं. मागच्या फाटकाला बुधवारी फळं येतात. कुणाला सांगायचं नाही म्हणाली होती." मग चिमीनं क्षणभर विचार केला. "पण आता ती रागावायला नाहीये ना."

मागचं दार सासूबाईंच्या अखत्यारीतलं. कडी रात्री त्या लावायच्या आणि सकाळी त्याच काढायच्या. दुसऱ्या कुणी हात लावला तर 'माझी झाडं तुडवाल' म्हणायच्या, आणि परसात झाडं म्हणावीत तर दोन कुंड्या. त्या गेल्यापासून ती कडी कुणी काढलीच नव्हती. धाकटीनं ती आता जोर लावून काढली. ओल्या फरशीवरून ती लाकडी फाटकापाशी गेली, ते अर्धं उघडलं, आणि बाहेरच्या बाजूला पाहिलं.

गल्लीकडच्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर, एक मोठा खिळा होता. त्याला कापडी पिशवी लटकली होती, भरून ताणलेली.

पिशवी तिनं लगेच ओळखली. कापड सासूबाईंच्या जुन्या निळ्या झग्याचं होतं आणि शिवण त्यांचीच होती, टाके किंचित डावीकडे कललेले. रोज शेकडो शिवणी बघणाऱ्या डोळ्यांना ते सांगावं लागत नाही. वरची फळं हिरवट, खडबडीत, देठाला पान चिकटलेली. कालचीच असावीत. त्यांच्या खाली मऊ पडू लागलेली. आणि तळाशी सुरकुतलेली, तपकिरी, कापडाला ओल सोडणारी. तीन थर. सासूबाई दवाखान्यात होत्या तो बुधवार, आणि त्या गेल्यानंतरचे दोन.

पिशवीचा एक बंद मध्येच तुटलेला होता. तो दोऱ्यानं शिवलेला नव्हता. केसाएवढ्या बारीक पितळी तारेचे सात वेढे घेऊन, टोक आत वळवून, बोटाला टोचू नये असं जोडलेला होता.

तशीच तार खिडकीत ठेवलेल्या तिच्या घड्याळाच्या पट्ट्याला होती.

लग्नानंतरच्या दुसऱ्याच महिन्यात ती ते घड्याळ दोन गल्ल्या पलीकडच्या छोट्या दुकानात दुरुस्तीला घेऊन गेली होती. तिथल्या म्हाताऱ्यानं 'बिनसाखरेचाच' सांगून मागवलेला चहा बाजूला ठेवला, डोळ्याला भिंग लावून ते उघडलं, साफ केलं, पट्टा जोडून दिला आणि बोळक्या तोंडानं हसून म्हणाला, "त्या घरची का तू?" घरी येऊन तिनं हे कौतुकानं सांगितलं, तेव्हा जेवणाच्या टेबलावर सगळ्यांचे हात थांबले. तो घड्याळजी अप्पांचा सख्खा धाकटा भाऊ होता. त्यांची आई गेली त्या दिवशी तो आला नव्हता. का आला नाही, हे कुणाला माहीत नव्हतं, कारण विचारायचं तर बोलावं लागलं असतं, आणि अप्पांनी त्याच दिवशी घरातल्या प्रत्येकाकडून शब्द घेतला होता, की त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. नव्या सुनेकडूनही त्या रात्री तो घेतला गेला. तिनं दिला आणि पाळला. गेली अकरा वर्षं ती त्या दुकानावरून जाताना पलीकडच्या फुटपाथनं जायची.

सासूबाईंना शेवटचं नेलं त्या दिवशी रस्त्याच्या पलीकडे, दिव्याच्या खांबाला धरून, तो उभा होता. तिनं पाहिलं होतं. म्हणजे त्या गेल्याचं त्याला माहीत होतं.

आणि तरी काल बुधवारी त्यानं फळं आणली होती.

पिशवी छातीशी धरून ती आत आली. शब्द देताना आपण कशाला हो म्हणालो, हे तिला आता कळलं होतं, आणि कळल्यानं सोपं काहीच झालं नव्हतं. एक शब्द अप्पांना दिलेला, एक सासूबाईंना. दोघंही आता त्या शब्दांतून सोडवायला उरलेले नव्हते. तिनं वरची फळं धुतली आणि चिरायला घेतली, कारण हातांना दुसरं काही सुचेना.

ही फळं मात्र सांगितल्याबरहुकूम वागली. साखर लावली तरी कोरडी राहिली. चिमूटभर मीठ, जराशी दालचिनी. भिजवलेला मैदा उरलेला होता. तिनं आठ पोळ्या लाटल्या, भरल्या, काट्यानं कडा दाबल्या, आणि आठही तेलात शहाण्यासारखी फुगली. तळताना तिच्या लक्षात आलं, की काट्याच्या खुणांची कड तळल्यावर दगडासारखी कडक होते. मग तिनं नववं लाटलं. साखर घातली नाही. कड बोटानं मिटली, आणि ते कच्चंच ओट्यावर ठेवून त्याच्याकडे बघत उभी राहिली.

नवरा कामाचा सदरा घालून आत आला. त्यानं ओट्यावरची ओली पिशवी पाहिली. फळांचे देठ पाहिले. मग नववं पाकीट.

त्याला काय सांगायचं, हे तिला ठरवता येत नव्हतं. तो वडिलांच्या शब्दातला माणूस होता. वडील गेल्यावरही त्यानं आपल्या काकांच्या दुकानाकडे मान वळवली नव्हती. त्या दुकानाच्या पत्त्यावरची पत्रंही तो म्हणे स्वतः न छाटता दुसऱ्याच्या गठ्ठ्यात सरकवायचा.

तो पुढे आला. हात धुतले, पुसले. वाकून त्यानं पाकिटाची कड नीट पाहिली, आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवलं.

"इथं जाड राहिली," तो म्हणाला. "काकांना चावायची नाही."

त्या घरात 'काका' हा शब्द तिनं अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

अंगठा ओला करून तो कड दाबत गेला, हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हात सराईत होता. आईच्या शेजारी उभं राहून कितीदा तरी केलं असावं इतका. मग त्यानं पाकीट तिच्याकडे सरकवलं आणि बूट घालायला खाली बसला.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

नाडी बांधायला त्याला बराच वेळ लागला.

"मी काही बोललेलो नाही," तो बुटाकडे बघत म्हणाला.

चिमीनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि आपलं दुसरं पाकीट उचललं.

धाकटीनं नववं पाकीट तळलं. आच मंद, रंग फिकट, कड मऊ. तोवर नवऱ्यानं तळाची सडकी फळं परसात नेऊन टाकली, पिशवी उलटी करून नळाखाली धुतली, पिळली आणि दाराच्या कडीला अडकवली. तारेच्या वेढ्यांना त्यानं ओढ बसू दिली नाही.

तिनं पाकीट कागदात गुंडाळलं, घड्याळ मनगटावर बांधलं, आणि ओलसर पिशवी घेऊन मागच्या दारानं बाहेर पडली. फाटकापाशी येऊन ती थांबली. खिळा समोरच होता, इतक्या वर्षांच्या वजनानं जरासा खाली वाकलेला. सासूबाई गुरुवारी पाकीट घेऊन इथवर यायच्या. न बोलता जे करता येईल ते सगळं त्यांनी या खिळ्यापर्यंत करून ठेवलं होतं.

तिनं पिशवी खिळ्याला लावायला हात उचलला. मग कागदातलं पाकीट हाताला अजून गरम लागलं, आणि दोन गल्ल्या काही लांब नव्हत्या. बोलायचं नव्हतं, हे खरं. चालायचं नाही, असं मात्र तिच्याकडून कुणी वदवून घेतलं नव्हतं.

तिनं पिशवी काखेत मारली, फाटक पूर्ण उघडलं, पदराआड पाकीट धरलं, आणि गल्लीत पाऊल टाकलं. कोपऱ्यावर आल्यावर ती नेहमीसारखी पलीकडच्या फुटपाथला गेली नाही.