पांढऱ्या टोपाखालचं वय

मित्रांनो, माझे केस उन्हाने पांढरे झालेले नाहीत. अनुभवानेही नाहीत. मी नाटकातल्या म्हाताऱ्याचा एक जुना टोप आहे आणि जन्मतःच पांढरा आहे. एका कारागिराने जाळीवर एकेक केस गाठ मारून बसवला आणि मधोमध थोडं टक्कल सोडलं. इतक्या निगुतीचं म्हातारपण फार थोड्यांना लाभतं.

मी नाटक मंडळीत आलो, त्याच दिवशी म्हाताऱ्याचं काम करणारा नट भांडून निघून गेला. प्रयोग संध्याकाळी होता. व्यवस्थापकाने पडदा ओढणाऱ्या बावीस वर्षांच्या तरुणाला धरलं. "उभा राहा रे. तुला कुठे मोठं बोलायचंय? खोकायचं आणि आशीर्वाद द्यायचा." रंगभूषाकाराने त्याच्या कपाळाला डिंक लावून मला चिकटवलं. त्या संध्याकाळी तो असा काही खोकला, की पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

झालं. त्यानंतर त्याला कोणी तरुण होऊ दिलंच नाही. मी त्याच्या डोक्यावर बसलो आणि लोकांनी आम्हा दोघांना डोक्यावर घेतलं. माझ्याशिवाय तो रस्त्यात कोणाला ओळखू येत नसे. त्याच्याच नाटकाच्या दारात एकदा त्याला तिकीट विचारलं होतं.

चाळिशीतच त्याला जीवनगौरव पुरस्कार मिळाला. लोकांचा विरस नको म्हणून तो मला घालूनच गेला. वक्त्याने भाषणात त्याला 'साठी ओलांडलेला तरुण' म्हटलं. चारचौघांत वक्त्याला खोटं कसं पाडायचं? तो नुसता खोकला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. आणि छापलेलं वय माणसापेक्षा पक्कं असतं, मित्रांनो. ते दरवर्षी नेमाने वाढत गेलं.

तो गेला तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता. हृदय अचानक थांबलं. वर्तमानपत्रांनी लिहिलं, 'वयाच्या बहात्तराव्या वर्षी वृद्धापकाळाने निधन.' भेटायला आलेली माणसं चहा घेऊन समाधानाने परतली.

"पिकलं पान, गळायचंच."

"सोनं झालं हो, कोणाला त्रास नाही दिला."

त्याची मुलगी चौथीत आहे. तिला लोक विचारायचे, "आजोबांची आठवण येते का गं?"

त्याच्या बायकोचे डोळे कोरडेच राहिले. बहात्तराव्या वर्षी गेलेल्या माणसासाठी किती रडायचं, याचं एक माप ठरलेलं असतं. त्याहून जास्त रडलं तर लोक बघतात.

काही महिन्यांनी एक संपादक घरी आले. ते नटांचा चरित्रकोश तयार करत होते. त्यांना फोटो हवा होता.

"काकू, म्हाताऱ्याच्या भूमिकेतलाच द्या. लोकांच्या तोच ओळखीचा."

"देते. पण आधी वय दुरुस्त करा. एक्कावन्न."

दुःखात माणूस काहीबाही बोलतो, अशा चेहऱ्याने संपादक हसले. "काकू, सगळीकडे बहात्तर आहे."

"सगळ्यांनी एकमेकांचं बघून लिहिलंय. शाळेत आम्ही त्याला कॉपी म्हणायचो."

तिने जन्माचा दाखला पुढे केला. संपादकांनी तो उजेडात धरला. "सरकारी कागद आहे हो. यात चुका असतात."

मी समोर लाकडी ठोकळ्यावर बसलो होतो. तिने मला उचललं आणि काही न विचारता संपादकांच्या डोक्यावर चढवलं. कानांमागे नीट दाबलं. मग त्यांना आरशाकडे वळवलं.

काळ्याभोर केसांचे ते गृहस्थ आरशात थकलेले आजोबा दिसत होते. त्यांचा हात आपोआप गुडघ्यावर गेला.

"तुमचं वय काय?"

"बावन्न," संपादक म्हणाले.

"म्हणजे माझ्या नवऱ्याहून मोठेच. आणि मी सेहेचाळीस. काकू कोणाला म्हणताय?"

ते बराच वेळ आरशात बघत राहिले. बहुधा स्वतःच्याच निधनाची बातमी वाचत असावेत. मग त्यांनी मला दोन्ही हातांनी अलगद उतरवलं.

"वहिनी," ते म्हणाले, "तो दाखला पुन्हा दाखवता का?"

त्यांनी कोशातली नोंद बदललीच, शिवाय वर्तमानपत्रालाही कळवलं. दुरुस्ती छापून आली. आतल्या पानावर, दोन ओळींची, हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीखाली. मला वाटलं, ही कोण वाचतंय!

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ ते पान हातात घेऊन दारात उभे राहिले. तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो," ते म्हणाले. "तेव्हा बातमी वाचली होती हो मी. नाव तेच. पण बहात्तर बघून म्हटलं, हा आपला नव्हे. आपला तर माझ्याएवढा. पान उलटलं आणि जेवायला बसलो." त्यांनी हातातलं पान तिच्यापुढे धरलं. "वहिनी, हे काय जायचं वय होतं का हो?"

तिने दाराची चौकट धरली आणि ती रडली. मोठ्याने, कोण बघतंय याची पर्वा न करता रडली. मुलगी आतून धावत आली आणि तिला बिलगली. ते गृहस्थ पायपुसण्यावर उभे राहून डोळे पुसत होते. त्यांना आत बोलवायचं कोणाला सुचलंच नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. कोणी विंचरलं नाही तरी माझे केस आणखी पांढरे व्हायचे नाहीत. पण गेलेल्या माणसाला स्वतःबद्दलची चूक दुरुस्त करता येत नाही. म्हणून त्याच्याविषयी लिहिण्याआधी एकदा त्याच्या घरी विचारा. जी वर्षं त्याला मिळालीच नाहीत, ती त्याच्या नावावर चढवू नका. त्या वर्षांसाठी कोणाचं तरी रडायचं राहिलेलं असतं.